मापाची बांगडी

माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात चुडा भरायला कासारीण घरी आली होती. सांगलीतल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात चटई अंथरून ती बसली आणि घरातल्या बायका एकेक करून तिच्यापुढे हात देऊ लागल्या. मी बसले तेव्हा तिने माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला, अंगठ्याखालचा उंचवटा दोन बोटांनी चेपला, पुन्हा चेपला, आणि उघडून ठेवलेला दोन-चारच्या मापाचा डझन बाजूला सारला. माझ्या लग्नापासून तीच मला बांगड्या भरत आली होती, त्यामुळे माझे माप तिला कधी विचारावे लागत नसे. तिने दोन-सहाची बांगडी घेतली, ती अंगठ्याच्या सांध्याशी अडली. दोन-आठची कशीबशी चढली. "वहिनी, हे सुख मानवल्याचं अंग नव्हं," ती हळू आवाजात म्हणाली. "मांस चढलेला हात चेपला की वळतो. ह्यो वळंना. डॉक्टरला दाखवा."

मी तेव्हा ३४ वर्षांची होते आणि एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. त्याआधीचे दीड वर्ष माझ्या शरीरात काय काय चालले होते, ते त्या दिवशी प्रथमच मी एका ओळीत मांडून पाहिले. मे महिन्यात सगळे घर पंख्याखाली तळमळत असताना मी गोधडी ओढून झोपत होते. सकाळच्या प्रार्थनेत माझा आवाज वरच्या पट्टीला जात नव्हता आणि दुपारपर्यंत तो घोगरा होत होता. मोरीच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका साठत होता, भुवयांची कानाकडची टोके विरळ झाली होती, टाचांच्या भेगा पावसाळ्यातही भरून येत नव्हत्या. चार दिवसांची पाळी आठ दिवसांवर गेली होती. वर्गातल्या मुलांची नावे तोंडावर येता येता हरवत होती. पोट साफ होत नव्हते. लग्नातली अंगठी साबण लावूनही निघेनाशी झाली होती.

या प्रत्येक गोष्टीला घरात एक कारण तयार होते. आवाज बसतो तो खडूच्या धुळीने, केस गळतात ते बोअरच्या पाण्याने, टाचा फुटतात त्या अनवाणी फिरल्याने, रक्त जास्त जाते ते उष्णतेने, असे सगळे सांगत आणि मलाही ते पटत असे. कारणे वेगवेगळी होती, म्हणूनच ही सगळी लक्षणे एकाच ठिकाणाहून येत असतील, असे कोणाच्या मनात आले नाही. आणि ज्या लक्षणांना बाहेरचे कारण सापडले नाही, त्यांचे खापर माझ्या स्वभावावर फुटले. वजन वाढले त्याला 'सुख मानवले' म्हणाले, सकाळी उठवत नाही त्याला 'आळस चढला' म्हणाले, बोलणे कमी झाले त्याला 'शिष्टपणा आला' म्हणाले. हे म्हणणारी माणसे वाईट नव्हती. ती माझ्यावर माया करणारी माणसे होती आणि त्यांच्याजवळ एवढेच शब्द होते. मी स्वतःही रोज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःला हेच शब्द लावत होते. माझ्या मते या विषयातली सगळ्यांत मोठी अडचण ही आहे. संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, बिघाड बाईच्या शरीरात दिसू लागतो तेव्हा त्याला आधी स्वभावाचे नाव मिळते, आणि आजाराचे नाव मिळायला पुढे काही वर्षे जातात.

त्याआधी एका डॉक्टरांकडे मी गेले नव्हते असे नाही. त्यांनी रक्त कमी असल्याचे सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि चालायला सांगितले. रक्त कमी होतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला, त्यामुळे थकलेली बाई समोर आली की लोहाची गोळी लिहिली जाते आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. पण माझे रक्त का कमी होत होते, हा प्रश्न तिथे विचारला गेला नाही. पाळीत जाणारे रक्त वाढले होते म्हणून ते कमी होत होते, आणि पाळी का वाढली होती याचे उत्तर गळ्यात होते.

कासारणीच्या सांगण्यावरून मी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि मला खुर्चीवर गुडघे टेकून, पाठमोरी, पावले हवेत लोंबती ठेवून बसायला सांगितले. मग रबरी हातोडीने टाचेवरच्या शिरेवर हलकेच ठोकले. पाऊल झटक्याने खाली गेले, तसे ते कोणाचेही जाते. पण परत येताना ते झोपेतून उठल्यासारखे, सावकाश, थांबत थांबत वर आले. त्यांनी माझ्या नवऱ्याला जवळ बोलावून पुन्हा ठोकून दाखवले आणि मग स्वतःच्या पावलावर ठोकून फरक दाखवला. त्यांचे पाऊल गेले आणि आले, मधला वेळ डोळ्याला दिसलासुद्धा नाही. "यांच्या अंगात सगळंच असं सावकाश चाललंय," त्या म्हणाल्या. "आतडी, हृदय, पापण्या, विचार, सगळं." नवऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आले, ते मी अजून विसरलेले नाही. दीड वर्ष मी जे शब्दांत सांगू शकले नव्हते, ते त्याला एका पावलाच्या हालचालीत दिसले होते.

रक्ताच्या अहवालात टीएसएचचा आकडा ६२ आला. निरोगी प्रौढात तो साधारण अर्ध्यापासून साडेचार-पाचपर्यंत असतो. हा आकडा वाचताना सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ होतो, कारण थायरॉइड कमी आणि आकडा जास्त, असे उलटे दिसते. टीएसएच हा थायरॉइडचा स्राव नव्हे. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीने थायरॉइडला पाठवलेला निरोप आहे. गळ्यात श्वासनलिकेवर फुलपाखरासारखी पसरलेली थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी, काम करेनाशी झाली की पीयूषिका तिला अधिकाधिक मोठ्याने हाका मारू लागते. आकडा ६२ असतो तेव्हा ती हाक टिपेला पोचलेली असते. माझ्या बाबतीत ग्रंथी थकली होती, कारण शरीराची संरक्षणव्यवस्थाच तिला परकी समजून पोखरत होती. या विकाराला हाशिमोटो यांचे नाव आहे. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये अशा ग्रंथींचे वर्णन प्रथम केले. कासारणीच्या बोटांना जाणवलेला हात हा चरबीचा नव्हता. थायरॉइड फार कमी झाले की त्वचेखाली पाणी धरून ठेवणारे चिकट द्रव्य साचते, म्हणून तो भाग फुगलेला दिसतो, पण बोट दाबले तर नेहमीच्या सुजेसारखा खळगा पडत नाही. तीस-पस्तीस वर्षे बायकांचे हात चेपून तिला हा फरक ठाऊक झाला होता.

पुढे या विकाराचा इतिहास वाचताना मला एक नोंद सापडली आणि मी ती परत परत वाचली. लंडनमधले विल्यम गल हे डॉक्टर १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या एका विचित्र अवस्थेविषयी बोलले. त्यांनी 'मिस बी.' एवढ्याच नावाने उल्लेखलेल्या एका बाईची पाळी थांबली, मग ती हळूहळू मंद आणि स्थूल होत गेली, चेहरा गोल झाला, जीभ जड झाली; आणि पूर्वी चौकस आणि तरतरीत असलेले तिचे मन शांत, उदासीन होऊन गेले. गल यांना त्या वेळी कारण माहीत नव्हते. पण मनाचा हा पालट त्यांनी तिच्या आळसात जमा न करता शरीराच्या लक्षणांच्या रांगेत लिहून ठेवला, आणि दीडशे वर्षांनंतर सांगलीत बसून ते वाचताना मला त्या डॉक्टरांविषयी कृतज्ञता वाटली. पुढे १८९१ मध्ये इंग्लंडमधल्याच न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती बरी झाली आणि त्यानंतर २८ वर्षे जगली. माझ्या उशाशी असलेल्या लहानशा गोळीत आज तोच स्राव प्रयोगशाळेत बनवलेला असतो.

ती गोळी घेण्याची रीत मी इथे मुद्दाम सांगते, कारण गोळी चालू असूनही आकडा उतरत नाही अशा पुष्कळ बायका मला भेटतात. ती सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो एक तास, चहासुद्धा घ्यायचा नसतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी लागते, नाहीतर त्या दोघी पोटातच हिला अडवतात. आपल्याकडे बाई सकाळी सगळ्यांचा चहा टाकते आणि चहाच्या घोटाबरोबर दिसतील त्या गोळ्या एकदम घेऊन मोकळी होते. माझेही पहिले दोन महिने असेच वाया गेले. मात्रा बदलली की लगेच आठवड्यात तपासणी करून उपयोग नसतो, सहा ते आठ आठवडे थांबावे लागते, कारण हे औषध रक्तात सावकाश स्थिरावते. आणि दिवस राहिल्याचे कळताक्षणी डॉक्टरांना सांगावे लागते, कारण पहिल्या काही महिन्यांत पोटातले बाळ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असते आणि बहुतेकींची मात्रा वाढवावी लागते.

भारतातल्या ८ शहरांत ५ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, दर १० जणांमागे साधारण एकाला थायरॉइड कमी असल्याचे दिसले, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. म्हणजे माझ्या शाळेच्या शिक्षककक्षातही कोणीतरी असणारच होते. होते, पण उलट्या बाजूचे. गणित शिकवणाऱ्या आमच्या एका सहकारी बाई चार महिन्यांत नऊ किलोंनी उतरल्या. भूक वाढली होती, डबा दुप्पट खात होत्या आणि तरी बारीक होत होत्या. शिक्षककक्षात जो तो त्यांना "काय करता हो, आम्हालाही सांगा" म्हणत होता आणि मीसुद्धा म्हटले होते. मग एकदा फळ्यावर त्यांनी काढलेले वर्तुळ कापऱ्या रेषेचे आलेले मी पाहिले. मी त्यांना दोन्ही हात पुढे करून बोटे पसरायला सांगितली आणि वर वहीचा कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा थरथरत राहिला. त्यांची थायरॉइड गरजेपेक्षा कितीतरी जास्त स्राव करत होती, छाती धडधडत होती, झोप उडाली होती, पाळी दोन दिवसांवर आली होती, आणि आम्ही सगळे त्यांच्या आजाराचे कौतुक करत होतो.

'हार्मोन्स बिघडलेत' हा शब्दप्रयोग आता इतका सवयीचा झाला आहे की तो ऐकला की समाधान होते आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. मला हे धोक्याचे वाटते. संप्रेरके पन्नासेक तरी आहेत आणि ती वेगवेगळ्या ग्रंथींतून येतात. कोणती ग्रंथी, कोणते संप्रेरक, कमी की जास्त, आणि कशामुळे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत निदान झाले असे म्हणता येत नाही. ती न मिळवता 'हार्मोन्सचा समतोल' राखणारी चूर्णे, काढे आणि गोळ्या विकत घेणाऱ्या बाईचे पैसे तर जातातच, पण वेळ जातो हे अधिक वाईट. केस गळू लागले म्हणून बायोटिनच्या गोळ्या सुरू करणाऱ्या बायकांना तर माझे कळकळीचे सांगणे आहे की थायरॉइडची तपासणी करण्याआधी त्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने काही दिवस बंद ठेवा. बायोटिन जास्त मात्रेत असले की पुष्कळ प्रयोगशाळांतल्या चाचणीची पद्धतच फसते आणि टीएसएच खोटा कमी दिसतो. केस ज्या आजाराने गळत आहेत, तोच आजार त्यामुळे कागदावर झाकला जातो.

माझी भाची १९ वर्षांची होती तेव्हा तिची मान काळवंडू लागली. वहिनी तिला न्हाणीघरात बसवून बेसन आणि लिंबू लावून घासत असे, आणि एकदा तर टाचा घासायची वजरी घेऊन तिने मान घासली. मुलगी रडत होती आणि वहिनी म्हणत होती की कॉलेजात जाते पण धड अंघोळ करत नाही. मी जवळ जाऊन पाहिले. मानेच्या मागच्या घड्यांत मखमलीसारखी जाडसर, काळपट कातडी होती आणि तसाच पट्टा काखेतही होता. तो मळ नव्हता, त्वचाच जाड झाली होती. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन पाठवते आणि त्या वाढलेल्या इन्सुलिनची खूण अशी मानेवर उमटते. हेच जास्तीचे इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते, मग हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमे जात नाहीत आणि पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. हनुवटीचे केस पार्लरवालीने आधीच ओळखले होते. थ्रेडिंग करताना तिने विचारले होते, "ताई, पाळी वेळेवर येते ना?" घरात मात्र हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

याला आपल्याकडे सर्रास पीसीओडी म्हणतात, आणि 'बीजकोशात गाठी आहेत' हे शब्द ऐकून पुष्कळ आया घाबरून जातात. त्या गाठी नसतात. पूर्ण न वाढलेली बीजे धरून बसलेले ते लहान लहान फुगे असतात आणि त्यांची शस्त्रक्रिया करायची नसते. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे किंवा वाढलेली पातळी, आणि सोनोग्राफीत दिसणारे तसे बीजकोश, या तीनपैकी दोन गोष्टी असल्या आणि दुसरा आजार नाही याची खात्री झाली, तर प्रौढ स्त्रीत हे निदान होते. हा दंडक २००३ मध्ये रॉटरडॅम इथे ठरला. पाळी सुरू होऊन थोडीच वर्षे झालेल्या मुलीत मात्र नुसत्या सोनोग्राफीवरून हे नाव लावायचे नसते, कारण त्या वयात निरोगी बीजकोशही तसेच दिसतात. भाचीला एका ठिकाणी "लग्न झालं की सगळं ठीक होईल" असे सांगण्यात आले. लग्नाने इन्सुलिन उतरत नाही. पाळी महिनोन्महिने आली नाही तर गर्भाशयाचे आतले अस्तर साचत राहते आणि पुढे त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून ९० दिवस पाळी न येणे हे लग्न झालेले असो वा नसो, डॉक्टरांकडे जाण्याचे कारण आहे. भाचीने वजनाच्या वीसेक हिश्शांतला एक हिस्सा उतरवला, तेव्हा तिची पाळी परतू लागली. वहिनीने वजरी पुन्हा टाचांपुरती ठेवली.

माझी आई स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाच्या खाड्यासाठी फुली मारायची आणि पाळीसाठी तारखेच्या कोपऱ्यात, कोणाला कळू नये असा, पेन्सिलीचा ठिपका द्यायची. तो ठिपका मला आता वैद्यकीय कागदाइतका मोलाचा वाटतो. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचे असते. प्रौढ स्त्रीत हे अंतर सातत्याने २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ३५ दिवसांपेक्षा जास्त होऊ लागले, तर कारण शोधायला हवे. पण गौरी-गणपतीत, सत्यनारायणाला, लग्नकार्यात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपण दुकानातून मागवतो, त्या घरातल्या तिघी-चौघी वाटून घेतात आणि ती संप्रेरकाचीच गोळी आहे हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. जिच्या पायाच्या शिरेत कधी रक्ताची गाठ झाली आहे तिला ती घातक ठरू शकते, आणि जिची पाळी मुळातच बिघडू लागली आहे तिच्या कॅलेंडरावरचा बिघाड त्या गोळ्यांच्या तारखांत हरवून जातो. तशीच गोष्ट पित्ताच्या गोळ्यांची. त्यांतल्या काहींमध्ये डोम्पेरिडोन असते, ते महिनोन्महिने घेतले तर दूध आणणारे प्रोलॅक्टिन वाढते, आणि मूल अंगावर नसताना छातीतून दूध येते किंवा पाळी लांबते. घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी ती याचसाठी.

खाडा हा शब्द महाराष्ट्रात आणखी एका ठिकाणी वापरतात. उसाच्या फडात काम करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि कामाचा एक दिवस चुकला तर त्या खाड्याचे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया किती मोठ्या प्रमाणावर झाल्या, ते २०१९ मध्ये सगळ्यांपुढे आले. सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिकींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांतल्या कित्येक जणी तिशीतल्या होत्या. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, अनियमित पाळी, या तक्रारींचे कारण शोधायला वेळ आणि पैसा लागतो, आणि पिशवी काढली की खाडा कायमचा संपतो. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर त्या बाईचे इस्ट्रोजेन, म्हणजे बीजकोशांतून येणारे स्त्रीचे संप्रेरक, एका दिवसात उतरते. चाळिशीनंतर सावकाश व्हायचे ते तिला तिशीत एकदम सोसावे लागते, अंगातून वाफा निघतात, झोप जाते, सांधे धरतात, हाडे ठिसूळ होतात, आणि तशातच तिला मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढायचे असते. या बायकांना चिडचिडी म्हणणे सोपे आहे. मी ते कोणाच्या तोंडून ऐकले की मला गप्प बसवत नाही.

पाळी नैसर्गिकपणे जाण्याचे वय आपल्याकडे साधारण ४६-४७ आहे आणि सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असे धरतात. त्यानंतर कधीही, एक थेंबसुद्धा, रक्त दिसले तर ते दाखवलेच पाहिजे. आणि ४० च्या आत पाळी गेली तर तिला 'लवकर सुटलीस' असे म्हणायचे नसते, तिला उपचार लागतात.

आता मावशीविषयी. ती जत तालुक्यातल्या एका गावी राहते. तिचे एकुलते बाळंतपण १९८६ साली घरी झाले आणि त्यात इतके रक्त गेले की घरच्यांनी आशा सोडली होती. ती वाचली, पण तिला दूध आले नाही. मूल शेजारणीच्या आणि शेळीच्या दुधावर वाढले. मराठीत पान्हा हा शब्द दुधासाठी आहे आणि आईच्या मायेसाठीही तोच आहे, त्यामुळे पान्हा फुटला नाही या वाक्याचा अर्थ तिच्या सासरी काय लावला गेला ते सांगायला नको. त्यानंतर तिची पाळी कधीच आली नाही. तिला उन्हाळ्यातही थंडी वाजायची, काखेतले केस गेले, कातडी मेणासारखी फिकट झाली, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. गावात तिला 'एका बाळंतपणात म्हातारी झालेली' म्हणत.

२२ वर्षांनी साध्या उलट्या-जुलाबांनी ती बेशुद्ध झाली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेले. मी पोचले तेव्हा एक तरुण डॉक्टर तिच्या रक्तातले मीठ इतके का उतरले ते शोधत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून एकच प्रश्न विचारला, "यांना बाळंतपणानंतर दूध आलं होतं का?" मी नाही म्हटले आणि रक्तस्रावाचे सांगितले. त्यांनी लिहिणे थांबवले. बाळंतपणाच्या दिवसांत पीयूषिका ग्रंथी वाढलेली असते आणि तिला रक्त जास्त लागते. फार रक्त गेले तर ती उपाशी पडते आणि तिचा बराचसा भाग मरून जातो. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून त्याला शीहानचे नाव आहे. दुधाचा, पाळीचा, थायरॉइडचा, संकटाच्या वेळी शरीराला तारणाऱ्या कॉर्टिसॉलचा, असे सगळे निरोप ज्या ग्रंथीतून निघतात, तीच गेलेली असते. डॉक्टरांनी आधी स्टिरॉइड सुरू केले आणि काही दिवसांनी थायरॉइडची गोळी दिली. हा क्रम उलटला तर रोगी दगावू शकतो, हेही त्यांनी समजावून सांगितले.

चौथ्या दिवशी मावशी उठून बसली. तिच्या हाताला ऊब आली होती. मी तिला पीयूषिका ग्रंथी कुठे असते ते माझ्या भुवयांमध्ये बोट ठेवून, त्यामागे खूप आत म्हणून दाखवले. तिने बराच वेळ स्वतःच्या कपाळाला हात लावून ठेवला.

"म्हंजे दूध छातीत आटलं नव्हतं," ती म्हणाली. "वरनंच सांगावा आला नव्हता."

मी हो म्हटले. तिची सासू जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. मावशीने मला आजाराचे नाव मराठी अक्षरांत मोठे लिहून मागितले. मी शाळेच्या वहीच्या पानावर लिहून दिले. तिने ते दोनदा वाचले, घडी घातली, आणि पलंगाच्या पायाशी बसलेल्या तिच्या २२ वर्षांच्या मुलाच्या हातात दिले.